लोखंडी पाळण्यातलं सीमोल्लंघन

हे सगळं घडलं ते दोन हजार सहा साली. साल पक्कं लक्षात राहायचं कारण असं, की त्या वर्षी दसरा भर रमजानात आला होता. मूर्तिजापुरात निम्मी गल्ली रोज्याने उपाशी आणि निम्मी नवरात्राने उपाशी. दुपारच्या वेळी कोणाच्याच घरातून फोडणीचा वास येत नव्हता, आणि गल्लीतली मांजरं हवालदिल झाली होती.

तसेही ते दिवस काही बरे नव्हते. कापसाचं सगळं बिघडलं होतं, आणि वऱ्हाडात हसणं जरा चोरूनच चालायचं. लग्नात बँड सांगायचा झाला तर लोक आधी शेजारच्या गावात काही वाईट घडलं नाही ना, याची चौकशी करत. मुंबई-दिल्लीचे पत्रकार खांद्याला कॅमेरे लटकवून स्टेशनवर उतरत, चहा पीत आणि चहावाल्यालाच विचारत, "इथे दुःखी माणूस कुठे भेटेल?"

अशाच एका पत्रकाराला जानराव सापडले.

जानराव म्हणजे मैनाबाईंचे यजमान. सगळी नोकरी सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून झालेली. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, उन्हाकडे धरायचा आणि एकच शब्द ओरडायचा. "सुपर!" किंवा "फेअर!" किंवा, देव न करो, "कवडी!" आवाज असा, की रांगेतल्या शेवटच्या गाडीचे बैलसुद्धा कान टवकारायचे. 'सुपर' ऐकलेला माणूस घरी पेढे नेई. 'कवडी' ऐकलेला माणूस जानरावांच्या सात पिढ्यांची चौकशी करत जाई. पुढे निवृत्ती आली, पाठोपाठ केंद्रालाच कुलूप लागलं, आणि जानरावांनी ओसरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बैठक मारली. भांडण नाही, आजार नाही. फक्त बोलणं बंद. "चहा घेता?" "हं." "भाजी कोनती आणू?" "हं." एकदा मैनाबाईंनी मुद्दाम विचारलं, "मी मरू काय?" तरी "हं."

त्या खुर्चीतला त्यांचा फोटो पत्रकाराने काढला आणि वर्तमानपत्रात छापून आणला. खाली मोठ्या अक्षरांत: 'हताश शेतकरी'.

आता, तुळशीची कुंडी सोडली तर जानरावांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. पण छापून आलं ते खरं, अशी आपल्याकडे रीतच आहे. दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं भेटायला येऊ लागली. कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी "धीर धरा" म्हटलं. अचलपूरचे एक लांबचे मामेभाऊ तर एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून आले आणि "परत देऊ नका, आपलंच घर आहे" म्हणून डोळे पुसत निघून गेले. मैनाबाई नगरपालिकेच्या शाळेत बाई म्हणून आयुष्यभर ताठ मानेने वावरलेल्या. त्यांना ते पोतं घरात ठेवता येईना आणि बाहेर टाकता येईना. त्यांनी फोटो नवऱ्यापुढे धरला.

"पायलं काय? तुमाले हताश म्हणून राह्यले!"

"हं," जानराव म्हणाले.

मैनाबाईंनी पेपर रागाने उलटा केला, आणि मागच्या पानावर त्यांना ती जाहिरात दिसली. अमरावतीच्या अलीकडे, हायवेला लागून 'चंद्रलोक' नावाची मनोरंजन नगरी उघडत होती. चित्रात नागासारखी वळसे घेतलेली पोलादी वाट, तिच्यावर धावणारी गाडी, आणि गाडीतल्या माणसांची तोंडं विहिरीसारखी उघडी. खाली लिहिलं होतं, 'भव्य रोलर कोस्टर! दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर! ओरडल्याशिवाय कोणीही खाली उतरत नाही!'

मैनाबाईंनी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. जडीबुटी झाली होती, अंगारा झाला होता, अकोल्याचा कानाघशाचा डॉक्टर झाला होता. पण कोणीही इतक्या स्पष्ट शब्दांत हमी दिली नव्हती.

"अवो, दसऱ्याले या लोखंडी पाळण्यात बसाले चालता काय?"

"हं."

मैनाबाईंनी तो होकार धरला, आणि नंतर कटकट नको म्हणून शेजारच्या सुरैय्याला साक्षीला बोलावून प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर तेच आलं. सुरैय्या म्हणाली, "भाभी, भाईसाब हो बोलले. मी गवाह हाये. अन् तू बसशीन तं मी बी बसते."

"तुहा रोजा असन ना वं?"

"मंग तं बरंच हाये. पोटात काईच नसन तं बाहेर काय येईन?"

सुरैय्या अशी होती. तिचे यजमान अब्दुल सत्तार गाद्या भरणारे. त्यांच्या दुकानाची भिंत जानरावांच्या ओसरीला लागून, आणि कापूस पिंजल्याचा तुणतुण आवाज दिवसभर या घरात. सत्तारमियांनी बेत ऐकला आणि धंद्याच्या बाजूने विचार केला. "वयनी, लोखंडी सीटवर कंबर मोडन. मी दोन गाद्या भरून देतो. पयल्या वेचणीचा कापूस टाकतो. तुमाले समजनार बी नाई का तुमी उलटे हाये का सुलटे."

गल्लीत बातमी पसरायला माणिकबाई पुरेशा होत्या. माणिकबाई समोर राहायच्या, आणि ज्या विषयातलं काहीही माहीत नाही त्या विषयावर सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. त्या संध्याकाळीच आल्या.

"मैना, मी काय म्हणते, बसतानी डोये मिटाचे नाई. डोये मिटले का आत्म्याले रस्ता दिसत नाई, मंग थो वरच राह्यते."

"बरं."

"पदर खोचून घेजो. कुंकू पक्कं लावजो. अन् जानरावभाऊची कवळी काढून घेजो, सांगून ठेवते. माह्या मावसदिराची कवळी भेडाघाटले नावेत शिंकल्यानं गेली होती. हा तं पाळणा हाये."

"हे तोंड उघडतीन तं देवाले नारळ फोडीन मी. कवळी जाईन तं जाईन."

"मी सांगतलं नाई असं मंग म्हणू नको," माणिकबाई म्हणाल्या, आणि उठता उठता आपणही बरोबर येत असल्याचं जाहीर करून गेल्या. बसायला नाही. सल्ला चुकला की बरोबर निघाला, ते पाहायला.

आता नियमांचं पाहा. चंद्रलोकाच्या फोनवर चौकशी केली तेव्हा कळलं, की साठीच्या वरच्यांना डॉक्टरचा दाखला लागतो. मैनाबाई नवऱ्याला घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी जन्मात असा दाखला लिहिला नव्हता. त्यांनी दोघांची छाती ऐकली, रक्तदाब पाहिला. जानरावांना "आ करा" म्हटलं. जानरावांनी आ केला, पण आवाज काढला नाही.

"बाई, वेगाचा काही अनुभव आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"शकुंतलेत बसली हावो ना."

शकुंतला म्हणजे आमची छोट्या रुळांची गाडी. ती अशी चालायची, की माणूस खाली उतरून बोरं वेचून पुन्हा चढू शके, आणि एखाद्या म्हातारीने हात केला तर ड्रायव्हर तिच्या सुनेची खुशालीसुद्धा विचारी. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. त्यांच्याकडे छापील नमुना होता तो यात्रेकरूंचा. त्यांनी तोच भरून, सही-शिक्का मारून दिला: 'सदर व्यक्ती अवघड तीर्थयात्रेस शारीरिकदृष्ट्या योग्य आहे.'

दसऱ्याच्या दिवशी सत्तारमियांच्या टेम्पोत ही वरात निघाली. पुढे सत्तारमिया आणि जानराव. मागे गाद्यांच्या थप्पीवर मैनाबाई, सुरैय्या आणि माणिकबाई, तिघी राण्यांसारख्या. मैनाबाईंच्या पदराच्या गाठीला आपट्याची पानं होती, कारण संध्याकाळी सोनं वाटायला घरी पोचतो की नाही, याचा भरवसा नव्हता. सुरैय्याच्या ओढणीच्या गाठीला खजूर होते, कारण तेच. टेम्पो खड्ड्यातून उसळला की माणिकबाई म्हणायच्या, "झाला ना पाळणा! आता परत चला." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, पण जानराव अजून ओरडले नव्हते.

चंद्रलोकाच्या फाटकावर खाकी कपड्यातला पहारेकरी होता. त्याने दाखला वाचला. सावलीत नेऊन पुन्हा वाचला.

"बाई, हे तं तीर्थयात्रेचं हाये."

"मंग?"

"हे तीर्थ नोहे."

"अरे, वर जाऊन खाली येनं हाये ना? यात्रा म्हणजे दुसरं काय असते?"

"ते बरोबर हाये. पन इथं देव कोठी हाये?"

"वर गेल्यावर माणूस ज्याचं नाव घेते थोच," सुरैय्या म्हणाली.

पहारेकरी विचारात पडला. हा वाद पुढे कुठवर गेला असता सांगता येत नाही, पण तेवढ्यात आतून धोतर सावरत, घाम पुसत मालक आले. चंद्रभानशेठ. अकोल्याकडचे जिनिंगवाले, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. कापूस येईनासा झाला तेव्हा जिनच्या भोंग्याकडे पाहून रडत बसण्याऐवजी, दक्षिणेतल्या कुठल्या मोडीत निघालेल्या बागेतून त्यांनी ही पोलादी वाट विकत घेतली होती. कापूस येत नाही तर माणसं येतील, असा साधा हिशोब. पण माणसं आली होती ती कुंपणाशी उभी राहून बघत होती. दुपारचा मुहूर्त टळून गेला तरी एकही जण पाळण्यात चढायला तयार नव्हता.

शेठ जानरावांना पाहून जागीच थबकले.

"ग्रेडरसाहेब? तुमीच ना? माह्या घरच्या कापसाले भर यार्डात कवडी म्हटलं होतं तुमी! सगळे हासले होते!"

"हं," जानराव म्हणाले.

"पाहा! अजून कबूल करून राह्यले!" शेठ कळवळून म्हणाले. "अन् आज माह्या दारी?"

मैनाबाई पुढे झाल्या. इतकं करून फाटकावरून परत जायचं? परत ती खुर्ची? परत ते "हं"? त्या बोलायला तोंड उघडणार, तोच शेठच्या मागून गुरुजी ओरडले, "शेठ, जोडपं मिळालं का? जोडप्याशिवाय पूजा अडली आहे!"

त्याचं असं झालं होतं. दसऱ्याला यंत्राची पूजा, आणि नव्या गाडीत पहिलं बसायचं ते सवाष्णीने नवऱ्यासह, असं गुरुजींनी सांगितलं होतं. तो मान शेठ आणि शेठाणींचा. पण शेठाणींनी सकाळी ती पोलादी वाट एकदा नीट पाहिली होती, आणि "मी सवाष्ण आली हावो, सवाष्णच घरी जाईन" असं सांगून मोटारीत बसून काचा वर करून घेतल्या होत्या. कुंपणाजवळच्या जोडप्यांना विचारलं, तर नवरे बायकांच्या आणि बायका नवऱ्यांच्या मागे दडत होत्या.

"आमी बसतो," मैनाबाई म्हणाल्या.

शेठने जानरावांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे? हे बसतीन? या माणसानं माह्या कापसाले..."

"तुमी बसले काय कदी याच्यात?" मैनाबाईंनी विचारलं. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज होता. कुंपणाशी उभ्या असलेल्या सगळ्या गर्दीला तो स्पष्ट ऐकू गेला. "मालकच बसत नाई, त्या गाडीत लोक काहून बसतीन?"

कोणीतरी खुदकन हसलं. शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी एकदा मोटारीकडे पाहिलं. काच एक बोटभर खाली आली, आणि पुन्हा वर गेली.

"बसतो ना," शेठ कसेबसे म्हणाले. "मी काय भेतो काय?"

मग पूजा सुरू झाली. यंत्र चालवणारा धर्मपाल नावाचा माणूस होता. शेठने त्याला सांगितलं, "रिवाजापरमानं चाकाखाली लिंबं ठेव." नवी गाडी लिंबू चिरडल्याशिवाय काढायची नाही, हे आपल्याकडे बैलगाडीपासून चालत आलेलं. धर्मपाल वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"शेठ, याले चाक वरून बी हाये, खालून बी हाये अन् बाजूनं बी हाये. कोनत्या चाकाले ठेवू?"

गुरुजींनी पोथीत पाहिलं. पोथीत तीन बाजूंच्या चाकांचा उल्लेख नव्हता. शेठ म्हणाले, "सगळ्याइले ठेव. एखांदं राह्यलं अन् तेच नडलं तं?" मग लिंबं कमी पडली. माणूस मोटारसायकलवर बडनेऱ्याला पिटाळला, आणि तो टोपलीभर लिंबं घेऊन येईस्तोवर उन्हं कलली. खालच्या चाकांना लिंबं सुतळीने बांधावी लागली. मग झेंडूचे हार. शेठच्या जिनमध्ये दसऱ्याला प्रत्येक पट्ट्याला हार असायचा, तिथे ते हात आखडते कसे घेणार? गाडीचं नाक दिसेनासं झालं. शिल्लक राहिलेलं भलं मोठं तोरण खालून पोटाला गुंडाळलं.

"शेठ, याच्या पोटाखाली डोळा असते मशीनचा," धर्मपाल म्हणाला. "त्याच्या आड काई आलं का गाडी थांबते."

"देवाचं फूल आड येत नसते," शेठ म्हणाले, आणि तो विषय संपला.

पहिल्या बाकावर मैनाबाई आणि जानराव. दुसऱ्यावर सुरैय्या एकटी. तिसऱ्यावर चंद्रभानशेठ, हातात न फोडलेला नारळ, कारण भीतीने तो फोडायचाच राहिला होता. सत्तारमिया धावत गाद्या घेऊन आले आणि त्या त्यांनी प्रेमाने खाली सारल्या. मग धर्मपालने मांड्यांवरची दांडी ओढली. दांडी बसेना.

"जरासं दाबा, मिया," सत्तारमिया म्हणाले, "कापूस हाये, बसन."

धर्मपालने दाबलं. दोन माणसं आणखी आली. सगळ्यांनी मिळून मैनाबाईंना अशा काही दाबलं, की जिनमध्ये दाबून बांधलेल्या कापसाच्या गठाणीला कसं वाटत असेल ते त्यांना आयुष्यात प्रथम समजलं. गर्दी बघत होती. शेवटी गाद्या ओढून काढाव्या लागल्या. सत्तारमियांचा चेहरा एवढासा झाला. पण त्या ओढाताणीत शिवण उसवून कापूस बाहेर आला, आणि मैनाबाईंना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की जानरावांच्या हाताने आपोआप चिमूटभर कापूस घेतला. अंगठ्याने चोळला. उन्हाकडे धरला.

मैनाबाईंनी कान पुढे केला.

जानरावांनी कापूस वाऱ्यावर सोडून दिला. तेवढंच.

"चष्मे, चपला, कवळ्या काढून द्या," धर्मपाल म्हणाला.

"काढा ना भाऊ!" कुंपणापलीकडून माणिकबाई ओरडल्या. "मैना, काढाले सांग!"

जानरावांनी मान हलवून नकार दिला. मैनाबाई थकल्या होत्या. "राहू द्या हो," त्या धर्मपालला म्हणाल्या. "हे कोठी तोंड उघडतात?"

गाडी निघाली. लिंबं फट्फट् फुटली. खालची, बाजूची, वरची. चाकांच्या पहिल्याच फेऱ्यात इतका रस उडाला, की सत्तारमियांच्या दाढीत बिया सापडल्या. गर्दीने टाळ्या वाजवल्या, आणि गाडी साखळीला लागून कडकड करत चढ चढू लागली. मैनाबाईंचं तोंड आभाळाकडे झालं. मागून शेठचा आवाज येत होता. ते कुठल्या एका देवावर अवलंबून नव्हते. कुलदैवतापासून सुरुवात करून वाटेत भेटेल त्या देवाला ते हाक मारत होते.

अगदी माथ्यावर पोचले, आणि गाडी थांबली.

आधी वाटलं, तशीच पद्धत असेल. मग खालून धर्मपालचा बारीक आवाज आला, "घाबरू नका! तोरण डोळ्याच्या आड आलं! मी चढून राह्यलो!"

"देवाचं फूल!" सुरैय्या मागे वळून म्हणाली.

शेठने डोळे मिटून घेतले. त्यांनी नारळ छातीशी धरला होता.

खरं सांगायचं तर त्या घटकेला मैनाबाईंना रडू आलं. हे काय करून बसलो आपण? पेपरात फोटो आला होता तो निदान खुर्चीतला होता. आता येईल तो आभाळात टांगलेला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. जानराव घाबरले नव्हते. ते समोर बघत होते, म्हणून मैनाबाईंनीही बघितलं.

आणि समोर सगळं वऱ्हाड पसरलेलं होतं. काळी जमीन, तिच्यावर तुरीचे हिरवे पट्टे, आणि कापूस. वर्तमानपत्रात वाचून वाचून त्यांना वाटू लागलं होतं, की कापूस म्हणजे एक बातमीच आहे. इथून तो झाडावर दिसत होता. नुकताच फुटायला लागलेला, पांढरा. लांब चिखलदऱ्याकडचे डोंगर निळे झाले होते.

खालच्या गावातून अजान ऐकू आली. सुरैय्याने खजुराची गाठ सोडली आणि हात तसाच थांबवला.

"भाभी, खाली सूर्य बुडाला. इथून तं दिसून राह्यला अजून."

"मंग खाय ना वं, अजान झाली."

"नाई ना. माह्या डोयाले दिसते तवरोक कसा सोडू? जमिनीवरचे लोक सुटले, मीच लटकली!"

दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली ती बाई हे बोलून इतकी हसली, की गाडी हलली आणि शेठ किंचाळले. मग चौघंही त्या लाल गोळ्याकडे पाहत राहिली. तो टेकला, चपटा झाला, गेला. सुरैय्याने बिस्मिल्ला म्हणून एक खजूर तोंडात टाकला आणि बाकीचे पुढे-मागे दिले. शेठ देवांना हाका मारून मारून दमले होते. त्यांनी दोन घेतले. मैनाबाईंना आपल्या पदराची गाठ आठवली. त्यांनी आपट्याची पानं काढली. "घ्या, सोनं घ्या. सोन्यासारखे राहा." सुरैय्याला दिलं. सुरैय्याने हात लांब करून एक पान मागे शेठला पोचवलं. दसऱ्याला गावाची वेस ओलांडून सीमोल्लंघन करतात. हे लोक तर जमीनच ओलांडून आले होते.

शेवटचं पान त्यांनी जानरावांना दिलं. जानरावांनी ते घेतलं. आणि त्याच वेळी खालच्या विजेच्या तारेवरून काहीतरी उडालं.

नीळकंठ होता. दसऱ्याला नीळकंठ दिसावा म्हणून आपण सगळे माना वर करून रान धुंडाळतो. दिसला तरी खालून दिसतं ते त्याचं मातकट पोट. याला हे लोक वरून बघत होते. अजून आभाळात उजेड होता. त्याने पंख उघडले, आणि असा निळा रंग मैनाबाईंनी साठ वर्षांत पाहिला नव्हता. पांढऱ्या कापसावरून ती निळी रेघ सरळ गेली.

"सुपर," जानराव म्हणाले.

मैनाबाईंना वाटलं भास झाला. "काय म्हटलं?"

जानराव वळले. त्यांचे डोळे यार्डातल्यासारखे बारीक झाले होते. "सुपर म्हटलं! ऐकू येत नाई काय? सुपर!"

नेमकं तेव्हाच धर्मपालने तोरणाचा शेवटचा वेढा ओढून काढला, आणि गाडी सुटली.

पुढचं काही मैनाबाईंना सलग सांगता येत नाही. जमीन अंगावर आली. आभाळ पायाखाली गेलं. सुरैय्या "या अल्लाऽ" म्हणून जे हसायला लागली ती थांबलीच नाही. शेठच्या हातचा नारळ सुटला आणि देवाच्या दयेने रिकाम्या तळ्यात पडला. पण या सगळ्याच्या वर, रुळांच्या खडखडाटाच्या वर, एकच आवाज होता. "सुपऽऽऽर!" उतारावर "सुपर!", वळणावर "सुपर!", उलटे झाले तेव्हाही "सुपर!" कुंपणाशी उभी असलेली गर्दी मागे सरकली. हायवेवर एक ट्रक थांबला. आणि दुसऱ्या उतारावर त्या आवाजाबरोबर जानरावांची कवळी, वरची आणि खालची, एकमेकींचा हात न सोडता, मावळत्या उजेडात चकाकत झेंडूच्या ढिगाकडे उडून गेली.

"मी सांगतलं होतं!" माणिकबाईंचा आनंद गगनात मावेना. "मी सांगतलं होतं ना!"

गाडी थांबली. चंद्रभानशेठ सगळ्यांत शेवटी उतरले, जानरावांपुढे आले आणि म्हणाले, "ग्रेडरसाहेब, खरं सांगा. थो कापूस कवडी होता काय?"

"व्हता," जानराव म्हणाले. दात नसल्याने ते "फता" असं ऐकू आलं. "पन गाडी फुपर हाये तुमची."

शेठने त्यांना मिठी मारली. मोटारीची काच खाली आली. आणि कुंपणाशी उभी असलेली गर्दी, जी दिवसभर हलली नव्हती, ती तिकिटाच्या खिडकीवर तुटून पडली.

मूर्तिजापूरपर्यंत जानराव बोलत होते. यार्ड, बैलगाड्या, कोणत्या गावचा कापूस कसा, सगळं. दातांशिवाय. टेम्पोत कोणालाही निम्म्याहून जास्त समजलं नाही. मैनाबाई गाद्यांवर बसून ऐकत होत्या. त्यांना एक शब्दही पुन्हा विचारावासा वाटला नाही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगायचं. पाळण्याच्या पायथ्याशी एक कॅमेरा लावलेला होता. त्याने शेवटच्या उतारावर काढलेला फोटो चंद्रभानशेठने मोठा करून हायवेवर फलक लावला: बोळक्या तोंडाने आभाळ गिळायला निघालेले जानराव, आणि खाली 'सुपर!' तो फलक त्या पत्रकाराने कधी पाहिला की नाही, माहीत नाही. मैनाबाईंची फार इच्छा होती. अचलपूरच्या मामेभावाने मात्र एसटीतून पाहिला, आणि ज्वारीचं पोतं परत मागितलं. ते त्याला दळून, वर डबाभर लाडू घालून पाठवलं.

जानराव दर रविवारी चंद्रलोकाच्या फाटकावर बसू लागले. कोणी बसावं, कोणी बसू नये, हे दाखल्यावरून नाही तर नजरेने ठरायचं. "सुपर!" म्हणजे पहिला बाक. "फेअर!" म्हणजे मधला. "कवडी!" ऐकलेल्यांना सरबत पाजून परत पाठवत. पुढची नऊ वर्षं ते असे बोलले, की मैनाबाईंना कधीकधी जुन्या "हं" ची आठवण यायची. बोलता बोलताच गेले. वाक्य अर्धं राहिलं. कोणत्या तरी कापसाचंच होतं.

सुरैय्या आणि सत्तारमिया हजला जाऊन आले. विमान हललं तेव्हा सगळे घाबरले, ही एकटी हसत होती. सत्तारमियांनी दुकानावर 'रोलर कोस्टरवाली गादी' अशी पाटी लावली, आणि त्या गादीचं पुढे काय झालं होतं हे कधी कोणाला सांगितलं नाही. धर्मपाल हैदराबादेकडे मोठ्या बागेत मुख्य झाला. तिथे तो हार घालू देतो, पण हातभरच. शेठाणी एकदा पाळण्यात बसल्या आणि मग त्यांना उतरवता उतरवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. माणिकबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या, की कवळीचा सल्ला त्यांचाच होता. ते खरंच होतं. त्यांच्या सगळ्या आयुष्यातला तेवढा एक सल्ला बरोबर निघाला, तो कोण त्यांच्याकडून काढून घेणार?

चंद्रलोक पुढे दुसऱ्या कोणी घेतलं, आणि ती पोलादी वाट उतरवून आणखी कुठे गेली. आता तिथे पुन्हा कापूस असतो.

आणि ती कवळी. पूजेचे हार जिथे पडले होते तिथे पुढच्या पावसात झेंडू उगवले. दसऱ्याच्या आधी फुलं तोडताना धर्मपालला ती झाडांच्या मुळाशी सापडली. चंद्रभानशेठने ती धुऊन, आपट्याच्या पानात बांधून स्वतः मूर्तिजापूरला आणून दिली. तोवर जानरावांनी नवी बसवली होती. जुनी मैनाबाईंच्या काचेच्या कपाटात, चांदीच्या अत्तरदाणीशेजारी अजून आहे. येणारे-जाणारे जरा दचकतात आणि विचारतात, "आजी, हे काय वं?"

"सोनं हाये," मैनाबाई म्हणतात. "दसऱ्याचं."